एका सातबाऱ्यावर तीन जमिनी

आमच्या सातबाऱ्यावर २ हेक्टर ८३ आर लिहिलेलं आहे. म्हणजे साधारण सात एकर. नागपूरहून काटोल रोडने निघालं की फेटरीच्या पुढे जमीन हळूहळू चढउताराची होत जाते. कळमेश्वर तालुक्यातल्या अशाच एका उतारावर आमचं वावर आहे. वरच्या टोकाला बरड, जिथे वखराचा फाळ मुरमावर खणकतो. मध्ये करड्या-काळ्या मातीची पट्टी. खाली नाल्याला लागून काळीभोर जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. हे सगळं आम्हाला लहानपणापासून दिसत होतं. तरी खत टाकायची वेळ आली की सातही एकरांना एकच माप. एका एकराला डीएपीची (मुख्यतः फॉस्फरस देणारं खत) एक गोणी, युरियाची एक, वर असो की खाली.

नाल्याकडच्या काळ्या जमिनीत बाबांनी २०१० साली संत्रा लावला होता, १८० झाडं. २०२० नंतर झाडं पिवळी पडायला लागली. नवी पालवी फुटायची ती पिवळसर, फक्त शिरा हिरव्या. पानं बारीक, टोकदार. शेंड्याकडून फांद्या वाळत यायच्या. कुणी डिंक्या रोग सांगितला, कुणी कोळशी. तालुक्याच्या एका दुकानातून दर महिन्याला नवी बाटली यायची. तीन हंगामांत औषधांवर किती गेले ते बाबांनी मला कधी सांगितलं नाही. मी पावत्या जमा करून बेरीज केली तेव्हा कळलं, ४१ हजार.

मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. शनिवार-रविवार वावरात जाते. २०२३ च्या मे महिन्यात बाबांना म्हटलं, एकदा माती तपासू या. ते आत गेले आणि पेटीतून एक घडी घातलेलं कार्ड घेऊन आले. "हे पाय, तपासलेली आहे ना. २०१७ ची." ते मृदा आरोग्य पत्रिका योजनेतलं कार्ड होतं. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सूरतगडला ही योजना सुरू झाली आणि त्या काळात गावोगाव कार्डं वाटली गेली. कार्डावर बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. आमच्याही कार्डावर होत्या. पण त्या योजनेत कोरडवाहू भागात दहा हेक्टरच्या एका चौकोनातून एक नमुना घ्यायचा असं ठरलेलं होतं, ओलिताखाली अडीच हेक्टरमधून. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. त्या चौकोनात आमच्यासकट पाच-सहा जणांची वावरं बसतात. म्हणजे कार्डावर नाव बाबांचं, माती कदाचित शेजाऱ्याची. तालुक्याचं चित्र काढायला अशी पद्धत चालते, तिचा उपयोग मी नाकारत नाही. पण नाल्याकाठच्या १८० झाडांना काय होतंय ते तिच्यातून कळणार नव्हतं.

मग आम्ही स्वतः नमुने घेतले, आणि पहिल्या वर्षी चुकलो. ती चूक सविस्तर सांगते, कारण ती कुणाकडूनही होऊ शकते.

नमुना घ्यायची रीत सोपी आहे. वावरात नागमोडी चालत जायचं, आठ-दहा जागा निवडायच्या. धुऱ्याजवळची (बांधाजवळची), झाडाखालची, विहिरीजवळची, शेणखताचा ढीग असलेली जागा सोडायची. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करायचा, एका बाजूची बोटभर जाड माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर शेवटची माती लोखंडी खुरपीने काढायची नाही, बांबूच्या कामटीने काढायची, आणि लोखंडी घमेल्याऐवजी प्लॅस्टिकचं घ्यायचं. सगळ्या खड्ड्यांची माती एकत्र करून, ढेकळं फोडून, गोल पसरायची. चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेली पुन्हा मिसळायची, पुन्हा चार भाग. अर्धा किलो राहीपर्यंत असंच. सावलीत वाळवायची, कापडी पिशवीत भरायची, चिठ्ठीवर नाव, गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक, ओलीत आहे की नाही ते लिहायचं.

बाबा बघत होते. "एका वावराले तीन थैल्या कायले वं?"

"वावर एक आहे बाबा, माती एक नाही ना."

ते काही बोलले नाहीत, पण तिसऱ्या पट्टीत स्वतः कामटी घेऊन उतरले.

रीत सगळी पाळली आणि शेवटी मधल्या पट्टीची ओलसर माती घरी न्यायला म्हणून आमच्या सालदाराने कोपऱ्यात पडलेल्या रिकाम्या गोणीत टाकली. गोणी डीएपीची होती. मी पाहिलंही, पण झटकलेली आहे म्हणून चालेल असं वाटलं. जूनच्या मध्यावर अहवाल आला. बरडीचं स्फुरद हेक्टरी ११ किलो, काळीचं ९ किलो आणि मधल्या पट्टीचं ९४. प्रयोगशाळेतल्या ताईंनी आकडा बघताच विचारलं, "माती कशातून आणली होती?" वर्गात मुलांना धुतलेल्या चंचुपात्राचं महत्त्व सांगणारी मी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका एकरातल्या वीतभर थरात आठ-नऊ लाख किलो माती असते. त्यातली अर्धा किलो आपण नेतो आणि सेंद्रिय कर्बाच्या परीक्षेला त्यातलीही जेमतेम एक ग्रॅम लागते. त्या ग्रॅमने लाखो किलोंबद्दल बोलायचं असतं. गोणीच्या शिवणीत अडकलेला खताचा एक दाणाही तिथे पुरतो.

तोवर पेरणी झाली होती, खत पडलं होतं. खत टाकल्यावर दोन-तीन महिने नमुना घेण्यात अर्थ नसतो. म्हणून पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. एक वर्ष गेलं.

पण ते वर्ष रिकामं गेलं नाही. जुलैत मी बाबांचा एक जुना सुती पंचा मागून घेतला, हातरुमालाएवढे चार तुकडे केले आणि चार ठिकाणी वीतभर खोल पुरले: बरडीत, मधल्या पट्टीत, संत्र्याच्या ओळीत आणि जुन्या धुऱ्यावर पळसाखाली, जिथे माझ्या आठवणीत कधी नांगर लागलेला नाही. खुणेला कामट्या रोवल्या. सुती कापड म्हणजे निव्वळ सेल्युलोज. मातीत जीव असेल तर तो ते खातो. कापूस पिकवणाऱ्या आमच्या भागात ही परीक्षा समजावून सांगावी लागत नाही.

दोन महिन्यांनी, पोळा झाल्यावर, चारही तुकडे उकरले. धुऱ्यावरचा तुकडा हातात आलाच नाही. काठाची शिवण आणि मुळांत गुंतलेले चार धागे. मधल्या पट्टीतल्याला मोठी भोकं होती. बरडीतला जवळजवळ जसाच्या तसा, नुसता मळलेला. धुऊन पुन्हा वापरता आला असता. बाबा तो हातात घेऊन बराच वेळ उभे होते. धुरा आणि बरड, मध्ये अंतर ६० पावलांचं. "म्हणजे माती मेली का आपली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मेली नाही, उपाशी आहे. त्या पट्टीतून आपण तुरीच्या तुराट्या नेतो, पराट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) चुलीला नेतो, कडबा गाईला नेतो, आणि शेणखत मात्र गाडी खाली उतरते तिथे, काळीत टाकतो. हे बोलताना माझ्याही पहिल्यांदाच ध्यानात आलं.

चौथा तुकडा संत्र्यातला. तो कुजला होता थोडा, पण निळसर-करडा पडला होता आणि त्याला डबक्यासारखा वास येत होता. तेव्हा मी वहीत नुसतं "वास" एवढंच लिहिलं. त्याचा अर्थ पुढच्या उन्हाळ्यात लागला.

आमच्या कॉलनीत एक काका राहतात. आयुष्यभर मृदा सर्वेक्षणाचं काम करून निवृत्त झालेले. नागपूरकरांना सवयीचं झालंय, पण देशभरच्या मातीचं सर्वेक्षण करून नकाशे तयार करणारी संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो, १९७६ मध्ये स्थापन झालेली, इथेच अमरावती रोडवर आहे. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही त्याच रस्त्याला. मी वर्षानुवर्षं त्यांच्या पाट्या वाचत गेले-आले. काकांना २०२४ च्या एप्रिलमध्ये वावरात यायची विनंती केली. ते म्हणाले, येतो, पण आधी तीन खड्डे खणून ठेवा, माणूस उभा राहील एवढे.

बाबांना पटवायला दोन रविवार लागले. उभ्या बागेत पाच फूट खड्डा! शेवटी दोन ओळींच्या मधली जागा ठरली. सालदार आणि त्याचा भाऊ, दोघं दीड दिवस सब्बल-कुदळ घेऊन होते.

काका आले ते एक चाकू, पाण्याची बाटली, भिंग आणि रंगांच्या चकत्यांचं पुस्तक घेऊन. पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल मी नेलं होतं. ते काळीच्या खड्ड्यात उतरले, उन्हाची बाजू चाकूने तासून घेतली आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, उतरा खाली. तुमची जमीन तुम्हीच वाचा."

वरचा वीतभर थर भुसभुशीत. त्याखाली मोठमोठी टणक ढेकळं, पाचरीसारखी. तीन फुटांच्या आसपास तिरपे, चकचकीत पृष्ठभाग, कुणी ओल्या हाताने घोटून ठेवल्यासारखे. काकांनी समजावलं. ही चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. भेगा पडतात, वरची माती त्यांत पडते, पावसात पुन्हा फुगायला जागा उरत नाही म्हणून थर एकमेकांवर घासून सरकतात, ते हे चकचकीत घोटलेले तुकडे. पिढ्यान्‌पिढ्या ही माती आतल्या आत स्वतःला उलथत असते. बेसाल्टची कृपा. नागपूर शहर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व कडेला वसलं आहे, सीताबर्डीची टेकडीही त्याच दगडाची. शहराच्या पूर्वेला मौदा-कुहीकडे जुने, वेगळे खडक लागतात, माती बदलते आणि धान दिसायला लागतं. पश्चिमेला काळी, कापूस आणि संत्रा.

मग त्यांनी आम्ल मागितलं. वरच्या थरावर दोन थेंब, जरासं चुरचुरलं. दीड फुटावर फेस आला. दोन फुटांच्या खाली शेंगदाण्याएवढे पांढरट खडे दिसत होते. त्यांच्यावर थेंब पडताच चुन्याच्या निवळीत काही उकळावं तसा फेस. चुनखडी. आणि झाडांची मुळं? बारीक पांढरी मुळं पावणेदोन फुटांपर्यंत गच्च होती. तिथून आडवी वळली होती. खाली फक्त दोन जाड, काळी पडलेली, सोललं की साल निघून येणारी मुळं.

काकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "पावसाळ्यात इथे पाणी उभं राहतं?" मला वहीतला तो "वास" आठवला.

बाबा खड्ड्याच्या भिंतीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "मी त्याले चांगल्यातली चांगली जागा दिली होती साहेब." कुणीच काही बोललं नाही. आमच्याकडे जमीन जितकी काळी तितकी भारी, जितकी भारी तितकी मोलाची, असंच समजतात. कापसाला ते बरंचसं खरं आहे. संत्र्याला नाही. त्याच्या मुळांना हवा लागते, आणि मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर गेला की जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. पिवळी पालवी आणि हिरव्या शिरा त्यामुळे.

दुपारी मधल्या पट्टीच्या खड्ड्यात उतरलो. साडेतीन फूट माती, करडी, ढेकूळ हाताने फुटणारं. खाली मऊ मुरूम, ज्यातून पाणी निघून जातं. आम्ल टाकलं तर खालीसुद्धा अगदी किंचित चुरचुरलं. कुणी मुद्दाम सांगायची गरज नव्हती. संत्रा इथे हवा होता, चाळीस पावलं वर.

बरडीत सव्वा फुटावर कडक मुरूम लागला. काकांनी तिथे जमिनीच्या क्षमतेचे वर्ग सांगितले. एकूण आठ वर्ग, पहिले चार शेतीयोग्य. उथळपणा आणि उतार पाहता ही पट्टी चौथ्यात जाईल असं ते म्हणाले. म्हणजे पीक घ्या, पण जपून. दरवर्षी उघडी ठेवून नांगरली तर पुढच्या पिढीला नुसता मुरूम मिळेल.

त्या आठवड्यात पुन्हा नमुने घेतले. बरडीचा आणि मधल्या पट्टीचा नेहमीसारखा वरच्या थराचा, पण बागेतले तीन वेगळे: एक फुटापर्यंत, एक ते दोन फूट, दोन ते तीन फूट. फळबागेला असेच घ्यायचे असतात. वीतभर मातीचं कार्ड कापसा-सोयाबीनला पुरतं, झाडाला नाही. पिशव्या या वेळी नव्या मांजरपाटाच्या शिवून घेतल्या. बागेतला सामू वरून खाली ८.१, ८.४, ८.६ निघाला. मुक्त चुना ६, ११ आणि १७ टक्के. जस्त दशलक्ष भागांत ०.४, तर किमान ०.६ हवं. लोह ३.८, किमान ४.५ हवं. पालाश भरपूर, तो काळीत असतोच. बरडीचा सेंद्रिय कर्ब ०.३१ टक्के, मधल्या पट्टीचा ०.५२. आणि मधल्या पट्टीचं स्फुरद? १३ किलो. मागच्या वर्षीचे ९४ गोणीचे होते.

कार्ड वाचताना मला सर्वांत जास्त खटकलं ते हे की इतकी वर्षं आम्ही चुनखडीच्या जमिनीत डीएपी ओतत होतो. तिथे स्फुरदाचा मोठा भाग चुन्याशी बांधला जातो, आणि जादा स्फुरद जस्ताची ओढाताण आणखी वाढवतो. झाड जस्तासाठी तडफडत होतं आणि आम्ही त्याला तेच देत होतो ज्याने टंचाई वाढते. वर दुकानातून बाटल्या.

त्यानंतर काय केलं ते सांगते. झाडं उपटली नाहीत. १८० मधली ११२ टिकवण्यासारखी होती. उताराच्या दिशेने दर दोन ओळींत एक चर खोदला, पाणी नाल्यात उतरेल असा. पावसाळ्यात त्यांतून पाणी वाहताना पाहिलं तेव्हा कळलं, किती साचून राहत होतं. झिंक सल्फेट जमिनीत द्यायचं तर शेणखतात मुरवून, आणि पालवीवर जस्त-लोहाची फवारणी. डीएपी बंद, गरजेपुरतं सिंगल सुपर फॉस्फेट, त्यातून गंधकही मिळतं. पहिल्या वर्षी पालवीच्या रंगात फरक दिसला, फळांत नाही. चुनखडी तिथेच आहे, ती कुठे जाणार नाही. या झाडांचं आयुष्य थोडं वाढेल एवढीच अपेक्षा मी ठेवली आहे आणि बाबांनाही तेच सांगितलं आहे.

बरडीचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. तिथे पेरणी आता उताराला आडवी होते. आधी तास उताराच्या दिशेने निघायचे, कारण बैल वळवायला सोपं. मधोमध समतल रेषेत नवा धुरा घातला, त्यावर गिरीपुष्पाच्या काड्या लावल्या. छाटलेला पाला वावरातच पडतो. जूनमध्ये ताग पेरून फुलावर यायच्या आधी गाडला आणि त्या वर्षी त्या पट्टीत खरिपाचं पीक घेतलं नाही. बाबांना हे सगळ्यात जड गेलं. तीन एकरांतलं उत्पन्न एका हंगामाचं सोडायचं, हा हिशोब कार्डावर नसतो. मी माझ्या पगारातून तेवढे पैसे घरात दिले. ज्याच्याकडे पगार नाही त्याने हे कशाच्या भरवशावर करावं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मातीच्या चर्चेत हा प्रश्न आला की लोक पुढच्या मुद्द्याकडे वळतात.

तलावातला गाळ टाकावा का, हेही तेव्हा निघालं. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत आमच्या आसपासच्या पुष्कळांनी गाळ नेला, काहींनी चांगल्या काळ्या जमिनीवरसुद्धा. आम्ही आधी गाळावर आम्लाचे थेंब टाकून पाहिले, प्रयोगशाळेत नमुना दिला, आणि मग फक्त बरडीवर पसरला, तोही पातळ थर. काळीला आणखी चिकणमाती कशाला?

पराट्या आता पूर्ण जळत नाहीत. निम्म्या चुलीला, निम्म्या बारीक करून शेणात कुजवायला. आई म्हणते गॅस परवडत नाही, आणि तिचं खरं आहे, म्हणून निम्म्या.

खड्डे बाबांनी महिनाभर बुजवू दिले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला बागेतल्या खड्ड्यात उतरवायचे. आम्लाची बाटली त्यांच्या हाती देत नव्हते, तर त्यांनी घरातल्या लिंबाचा रस नेऊन पाहिला; चुनखडीच्या खड्यावर तोही हळूच फेसतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात बुजवले, खालची माती खाली आणि वरची वर, थर लक्षात ठेवून.

गेल्या जुलैत बरडीत पुन्हा पंच्याचा तुकडा पुरला होता. सप्टेंबरात काढला तेव्हा त्याला भोकं पडली होती, धुऱ्यासारखा नाही, पण भोकं होती. बाबांनी तो धुऊन वाळत घातला आणि आधीच्या अख्ख्या राहिलेल्या तुकड्याशेजारी पेटीत ठेवला, २०१७ च्या कार्डावर. मधल्या पट्टीत संत्र्याच्या ६० कलमांसाठी जागा आखून झाली आहे. रोपं जंबेरी (लिंबाची एक जात) खुंटावर बांधलेली सांगून ठेवली आहेत. त्याआधी तिथल्या तीन खोलींचे नमुने द्यायचे आहेत; पिशव्या शिवून तयार आहेत.